‘साभार परत’ आलेला अल्बम

मराठीत लिहिणाऱ्या माणसाला ‘साभार परत’ हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. कथा पाठवायची, महिना-दोन महिने वाट बघायची आणि मग एक दिवस पोस्टमनच्या हातात आपल्याच अक्षरात आपलाच पत्ता लिहिलेला लिफाफा दिसायचा. उघडायचीही गरज नसायची. आता ईमेल आले, लिफाफे गेले, पण अनुभव तोच आहे. आज मी सांगणार आहे ती गोष्ट अशाच एका ‘साभार परत’ची. फक्त ती घडली अमेरिकेतल्या शिकागो शहरात आणि परत आली ती कथा नव्हती, गाण्यांचा एक अख्खा अल्बम होता. साल २००१. बँडचे नाव विल्को. अल्बमचे नाव ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’.

तुम्ही म्हणाल, शिकागोतल्या रॉक बँडचे आपल्याला काय? आपल्या गोव्यात लग्नाला बँड नसेल तर पाहुण्यांना चुकल्यासारखे वाटते, तेव्हा बँड हा प्रकार आपल्याला परका नाही. पण माझे कारण वेगळे आहे. ही गोष्ट जितकी गाण्यांची आहे तितकीच टेबलांची आहे. एका टेबलावर फाईल नामंजूर होते आणि तीच फाईल त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यात मंजूर होते, हा चमत्कार मी नोकरीत अनेकदा पाहिला आहे. टेबलांबद्दल बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे मी मानतो!

आधी माणसांची ओळख करून घेऊ. इलिनॉय राज्यात बेलव्हिल नावाचे गाव आहे. तिथे जे फरार आणि जेफ ट्वीडी या दोन मित्रांनी ‘अंकल टुपेलो’ नावाचा बँड चालवला होता. अमेरिकेचे जुने ग्रामीण कंट्री संगीत आणि पंक रॉकचा धसमुसळेपणा यांची त्यांनी मोट बांधली. १९९४ मध्ये दोघांचे फाटले. फरार बाहेर पडला आणि उरलेल्यांना घेऊन ट्वीडीने विल्को उभा केला. १९९५ चा पहिला अल्बम साधाच होता. १९९६ चा ‘बीइंग देअर’ दोन सीडींचा. तो श्रोत्यांना एका सीडीच्या भावात मिळावा म्हणून बँडने आपल्या रॉयल्टीचा काही भाग सोडला होता. १९९८ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या बिली ब्रॅगबरोबर वुडी गथ्रीच्या अप्रकाशित गीतांना चाली लावल्या. १९९९ चा ‘समरटीथ’ स्टुडिओतल्या वाद्यमेळाने गच्च भरलेला होता. म्हणजे दर वेळी वाट बदलणारी ही मंडळी. समीक्षक खूश असत, पण खप मात्र बेताचाच.

‘यँकी’चे काम २००० च्या अखेरीस सुरू झाले. बँडने शिकागोत एक माळा भाड्याने घेऊन तिथे स्वतःचा स्टुडिओ थाटला होता, त्याला ते ‘द लॉफ्ट’ म्हणत. घड्याळ बघून पैसे मोजायचे नाहीत, त्यामुळे वाटेल तितके प्रयोग करण्याची मुभा होती. ट्वीडीची गाणी मुळात एका गिटारवर म्हणता येतील इतकी सरळ. जे बेनेट हा बँडमधला हरहुन्नरी माणूस. गिटार, पियानो, ऑर्गन जे हाती येईल ते वाजवायचा, शिवाय ध्वनिमुद्रणाची तांत्रिक बाजूही सांभाळायचा. गाणे एकदा नीट वाजवायचे, मग ते मोडायचे, त्यावर आवाजांचे थर चढवायचे, पुन्हा मोडायचे, असा उद्योग महिनोन्‌महिने चालला. याच काळात जुना ड्रमवाला केन कूमर गेला आणि २००१ च्या सुरुवातीला ग्लेन कोची आला. हा ठेका धरण्याऐवजी ठेक्याभोवती हिंडणारा वादक. घंटा, धातूचे तुकडे, हाताला लागेल त्या वस्तूतून तो आवाज काढतो.

थर चढवणे सोपे असते, उतरवणे कठीण. ते काम जिम ओ’रुर्क या प्रयोगशील संगीतकाराने केले. आधी त्याला एकच गाणे मिश्रणासाठी दिले होते. त्याने जे केले ते ट्वीडीला इतके पटले की सगळा अल्बमच त्याच्याकडे गेला. त्याने भर घातली कमी आणि काढून टाकले जास्त. पहिलेच गाणे ऐका. सुरुवातीला वाटते की पाच-सहा जण वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळी कामे करत आहेत. हळूहळू त्या गोंधळातून गाण्याचा सांगाडा दिसू लागतो आणि शेवटी पुन्हा विस्कटून जातो. पहिल्यांदा ऐकताना स्पीकर बिघडला की काय असे कुणालाही वाटेल.

जून २००१ मध्ये तयार अल्बम कंपनीकडे गेला. कंपनी रिप्रीज रेकॉर्ड्स. ही कंपनी १९६० मध्ये गायक फ्रँक सिनात्रा यांनी काढली. कलाकाराला स्वतःच्या मनासारखे गाता यावे, वरच्या साहेबांची लुडबुड नको, हा तिच्यामागचा उद्देश. तीनच वर्षांत ती वॉर्नर ब्रदर्सच्या ताब्यात गेली आणि चाळीस वर्षांनी त्याच कंपनीच्या टेबलावर विल्कोचा अल्बम नापास झाला. त्या सुमारास एओएल आणि टाइम वॉर्नर या दोन अजस्र कंपन्यांचे विलीनीकरण नुकतेच पूर्ण झाले होते. खर्च कमी करा, माणसे कमी करा, असा वरून आदेश. विल्कोला सांभाळून घेणारे अध्यक्ष हॉवी क्लाइन त्याच उन्हाळ्यात कंपनी सोडून गेले. अल्बम ऐकायचे काम डेव्हिड काहन यांच्याकडे आले. त्यांचे मत पडले की हा विकला जाणार नाही. बदल सुचवले गेले, ट्वीडीने नाही म्हटले. कंपनीने अल्बम काढायला नकार दिला आणि बँडला करारातून मोकळे केले. जाताना ध्वनिमुद्रणाचे हक्क मात्र विल्कोच्या हाती आले.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथे खलनायक उभा करतात. मला ते पटत नाही. काहन हा कुणी गाण्यातले न कळणारा हिशेबनीस नव्हता. टोनी बेनेटचा १९९४ चा गाजलेला ‘अनप्लग्ड’ अल्बम त्यानेच निर्मित केला. त्याच २००१ मध्ये पॉल मॅकार्टनीचा अल्बमही त्याने केला. पण टेबलावर बसलेल्या माणसाला विचारलेला प्रश्न ‘हे चांगले आहे का?’ असा नव्हता. ‘रेडिओवर वाजेल असे एखादे गाणे यात आहे का?’ असा होता. त्या प्रश्नाचे उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिले असणार. फाईलवर जो प्रश्न असतो त्याचेच उत्तर क्लार्क लिहितो. नियमात बसते की नाही एवढेच त्याला विचारलेले असते. खरी मेख नेहमी प्रश्न कुणी तयार केला यात असते.

रिप्रीजने अल्बम काढला असता तर त्याची ठरलेली तारीख होती ११ सप्टेंबर २००१. मुखपृष्ठावर शिकागोच्या मरीना सिटीचे दोन जुळे मनोरे. मक्याच्या कणसासारखे दिसणारे हे गोल मनोरे बर्ट्रांड गोल्डबर्ग यांनी साठच्या दशकात बांधले. आतल्या एका गाण्यात उंच इमारती थरथरण्याचा उल्लेख, दुसऱ्या गाण्याच्या नावातच अमेरिकी झेंड्यांची राख. हे सगळे आधीच लिहून, गाऊन, मुद्रित करून झालेले होते. त्या मंगळवारी न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळले आणि या गाण्यांचा अर्थ ती लिहिणाऱ्याला न विचारताच बदलला.

आठवडाभराने, १८ सप्टेंबरला, कंपनी नसलेल्या विल्कोने अख्खा अल्बम आपल्या वेबसाईटवर फुकट ऐकायला ठेवला. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. नॅपस्टरचा खटला ताजा होता आणि फुकट गाणी म्हणजे चोरी असे कंपन्या कंठशोष करून सांगत होत्या. अल्बमची गाणी तशीही एका संगणकातून दुसऱ्यात फिरू लागली होती. ‘चोरून ऐकण्यापेक्षा आमच्याकडे येऊन ऐका,’ असा सरळ हिशेब. त्या शरद ऋतूत विल्को दौऱ्यावर निघाला तर समोरचे श्रोते गाण्यांचे शब्द म्हणत होते! दुकानात न आलेल्या, कुठल्याच कंपनीने न छापलेल्या अल्बमचे शब्द लोकांना पाठ होते. एका टेबलावर ‘विकला जाणार नाही’ असा शेरा पडला होता आणि रस्त्यावरच्या लोकांनी तो शेरा वाचलाच नव्हता.

मग नव्या कंपन्या दाराशी आल्या. त्यातून विल्कोने निवडली नोनसच रेकॉर्ड्स. नोनसच कुणाची? तीही त्याच एओएल टाइम वॉर्नरची! म्हणजे एका खिशातून पैसे घालून बनवलेला अल्बम कंपनीने सोडून दिला आणि दुसऱ्या खिशातले पैसे घालून तोच परत घेतला. २३ एप्रिल २००२ ला तो दुकानांत आला, बिलबोर्डच्या यादीत १३ व्या क्रमांकावर गेला आणि पहिल्या आठवड्यात ५० हजारांहून अधिक प्रती खपल्या. विल्कोला तोवर इतके यश कधी मिळाले नव्हते. ‘व्हिलेज व्हॉइस’ने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो २००२ चा सर्वोत्तम अल्बम ठरला.

नोनसचविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिथून एक वाट थेट आपल्या फोंडा तालुक्यात येते. १९६४ मध्ये जॅक होल्झमन यांनी स्वस्तातल्या पाश्चात्त्य शास्त्रीय रेकॉर्डींसाठी ही कंपनी काढली. पुढे तिची ‘एक्सप्लोरर’ मालिका निघाली. जगभरचे लोकसंगीत आणि दरबारी संगीत तिने घरोघर पोचवले, आपले भारतीय संगीतही त्यात होते. या मालिकेसाठी जावा बेटावरच्या पाकु आलामन दरबारातले गामेलान वादन रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने मुद्रित केले होते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवण्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी तयार झाली, तेव्हा त्या मुद्रणातली एक रचना तिच्यावर गेली. आणि भारतातून काय पाठवावे असे विचारल्यावर याच ब्राऊन यांनी नाव सुचवले ते केरीच्या केसरबाई केरकरांच्या भैरवीचे, ‘जात कहाँ हो’. केसरबाईंचे ते ध्वनिमुद्रण नोनसचचे नव्हे, पण त्यांचा आवाज ताऱ्यांकडे धाडणारा माणूस नोनसचच्या त्या जुन्या वर्तुळातला होता. ज्या कंपनीच्या कपाटात जावाचे दरबारी संगीत, बल्गेरियातल्या बायकांचे समूहगान आणि स्टीव्ह राइश मांडीला मांडी लावून बसतात, तिला विल्कोचा गोंधळ विचित्र वाटण्याचे कारणच नव्हते. १९८४ पासून तिचे प्रमुख असलेले रॉबर्ट हरविट्झ यांच्यासमोर फाईल तीच होती, प्रश्न वेगळा होता.

आता अल्बमच्या नावाकडे येतो. यँकी, हॉटेल, फॉक्सट्रॉट हे तीन शब्द म्हणजे बिनतारी संदेशांतली वाय, एच, एफ ही अक्षरे. रेडिओवर अक्षर चुकू नये म्हणून सैन्यात आणि विमानात ती अशी उच्चारतात. ज्यांनी शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन शोधताना काटा इकडून तिकडे फिरवला आहे त्यांना आठवेल, मध्येच खरखर, मध्येच शिट्टी, मध्येच कुठल्यातरी अनोळखी भाषेतला आवाज. त्याच पट्ट्यांवर कित्येक दशके काही गूढ केंद्रे चालत आली आहेत. तिथे बाई किंवा पुरुष एकसुरात नुसते आकडे आणि अक्षरे वाचत राहतो. ना केंद्राचे नाव, ना गाणे. हे हेरांसाठीचे सांकेतिक संदेश असतात असे मानले जाते. १९९७ मध्ये लंडनच्या इर्डियल-डिस्क्सने अशा प्रसारणांचा ‘द कॉनेट प्रोजेक्ट’ नावाचा चार सीडींचा संच काढला. त्यातल्या एका बाईचा आवाज ‘पुअर प्लेसेस’ या विल्कोच्या गाण्याच्या शेवटी येतो. वाद्यांचा कल्लोळ वाढत जातो आणि ती बाई त्यातून पुन्हा पुन्हा तेच तीन शब्द उच्चारत राहते. ऐकताना अंगावर काटा येतो. कुणीतरी कुणाला तरी जिवाच्या आकांताने काही सांगते आहे, पण ते आपल्यासाठी नाही.

आणि इथे या गोष्टीचा एक बोचरा भाग आहे, तो सांगितलाच पाहिजे. हा आवाज विल्कोने परवानगीशिवाय वापरला होता. इर्डियलने दावा लावला आणि २००४ मध्ये तो आपसात मिटला, विल्कोच्या बाजूने पैसे मोजावे लागले. आपल्या कामावरचा हक्क मोठ्या कंपनीकडून सोडवून घेतलेल्या बँडला दुसऱ्या छोट्या प्रकाशकाच्या हक्काची आठवण वकिलाच्या नोटिशीने व्हावी! दंतकथांत असे प्रसंग गाळतात. इतिहासात गाळू नयेत.

दुसरा भाग याहून दुःखद आहे. सॅम जोन्स या छायाचित्रकाराने या सगळ्या काळात बँडबरोबर राहून एक कृष्णधवल माहितीपट केला. तो २००२ मध्ये आला. त्यात ट्वीडी आणि जे बेनेट एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात कसे जायचे यावर वाद घालत बसतात. काही सेकंदांचा तो जोड. बेनेट आपला मुद्दा पुन्हा पुन्हा समजावत राहतो, ट्वीडी म्हणतो कळले, बेनेटला वाटते कळले नाही. बघताना आपल्यालाच गुदमरल्यासारखे होते. अल्बम पुरा झाल्यावर ऑगस्ट २००१ मध्ये बेनेट बँडबाहेर झाला. म्हणजे अल्बम जगाने डोक्यावर घेतला तेव्हा त्यातल्या बहुतेक गाण्यांचा सहनिर्माता मंचावर नव्हता. नंतर तो आपल्या परीने अल्बम काढत राहिला, इतरांची ध्वनिमुद्रणे करत राहिला, फार गाजावाजा झाला नाही. पुढे कंबरेच्या सांध्याचे दुखणे मागे लागले, शस्त्रक्रियेचा खर्च विम्यात बसेना. मे २००९ मध्ये त्याने ट्वीडीविरुद्ध रॉयल्टीचा दावा लावला आणि त्याच महिन्यात वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. वेदनाशामक औषधाची मात्रा चुकून जास्त झाली होती. ट्वीडी स्वतःही अशाच गोळ्यांच्या विळख्यात होता, २००४ मध्ये उपचार घेऊन तो बाहेर पडला. एकाला दुसरी संधी मिळाली, दुसऱ्याला नाही. दोघांत कुणाचे किती चुकले याचा निवाडा करणारा मी कोण? पण अल्बम ऐकताना पियानोचा एखादा तुकडा, ऑर्गनची एखादी लांब ओढ आली की मला तो कुरळ्या केसांचा माणूस आठवतो.

गाण्यांबद्दल एवढेच सांगतो. एकूण ११ गाणी, बावन्न-एक मिनिटे. ‘जीझस, एट्सेट्रा’ व्हायोलिनच्या साध्या सुरावटीवर चालते. पहिल्याच ऐकण्यात आवडेल असे हे गाणे, सुरुवात इथून केलीत तरी चालेल. ‘हेवी मेटल ड्रमर’मध्ये तरुणपणी उन्हाळ्यात नदीकाठी ऐकलेल्या फुटकळ बँडांची आठवण आहे. आपल्याकडच्या फेस्ताच्या रात्री ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती भावना ओळखीची वाटेल. शेवटचे ‘रिझर्व्हेशन्स’ सात मिनिटांहून मोठे, त्यातला शेवटचा बराच भाग जवळजवळ शांतताच. सगळ्या अल्बमभर एकच गोष्ट घडत राहते. एक माणूस दुसऱ्याला अगदी साधे काही सांगू बघतो आहे आणि मध्ये खरखर आहे. ती खरखर काढून टाका, अशी मागणी रेडिओवर वाजेल असे गाणे शोधणाऱ्याने केली तर नवल नाही. पण तीच काढली तर सांगायचे काय उरले?

२०२२ मध्ये, वीस वर्षे पूर्ण झाली म्हणून, या अल्बमची मोठी आवृत्ती निघाली. मोडलेल्या, टाकून दिलेल्या गाण्यांची अनेक रूपे तिच्यात आहेत. २०२३ मध्ये तिला ऐतिहासिक अल्बमसाठीचा ग्रॅमी मिळाला. आता ती फाईल अभिलेखागारात गेली म्हणायची, सन्मानाने.

लोक या गोष्टीतून बोध काढतात की चांगल्या कामाला शेवटी न्याय मिळतोच. मला तसे म्हणवत नाही. विल्कोकडे स्वतःचा माळा होता, वेबसाईट होती, चार अल्बमांनी जमवलेले श्रोते होते, आणि त्याच इमारतीत वेगळा प्रश्न विचारणारे दुसरे टेबल होते. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते त्यांचे अल्बम त्याच सुमारास त्याच आदेशाखाली परत गेले असतील, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. नामंजूर फायलींची नोंदवही कुणी वाचत नाही.

म्हणून या गोष्टीतून मी घेतो ते एवढेच. ‘साभार परत’ हा निकाल नसतो, ते एका टेबलाचे एका प्रश्नाला दिलेले उत्तर असते. ज्याच्या हातात आज शेरा लिहिण्याचे पेन आहे, मग तो संपादक असो, परीक्षक असो की माझ्यासारखा युडीसी, त्याने लिहिण्याआधी क्षणभर थांबून बघावे की आपल्याला विचारलेला प्रश्न तरी बरोबर आहे का. आणि ज्याच्या हाती परत आलेले काही आहे त्याने ते फाडू नये.

असो. अल्बम आता कुठेही सहज ऐकायला मिळतो. रात्री, दिवे मालवून, एका बैठकीत ऐका. आणि पहिल्या दोन मिनिटांत स्पीकर तपासायला उठू नका!